दहा बाय दहाचा आरक्षित भूखंड

शहर नियोजनात ज्याला विकास आराखडा म्हणतात, म्हणजे पुढील सुमारे वीस वर्षांत शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे आधीच रंगवून ठेवणारा नकाशा, त्यात शाळा, दवाखाना आणि खेळाचे मैदान यांसाठी काही भूखंड राखून ठेवलेले असतात, आणि त्या राखीव भूखंडांचे पुढे काय होते हे महाराष्ट्रातील नागरिकाला वेगळे सांगावे लागत नाही. शहरी मराठी मध्यमवर्गाच्या टू बीएचके सदनिकेत अलीकडे जी ‘मुलांची खेळाची खोली’ अवतरू लागली आहे, तिचा अभ्यास याच शास्त्राच्या चौकटीत करणे सोयीचे ठरते. आराखडा मंजूर होतो, आरक्षण पडते, रंगकाम होते आणि पहिल्या किंवा तिसऱ्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर उद्घाटनही पार पडते. एका बाबतीत मात्र घर शहराच्याही मागे आहे. शहराच्या आराखड्यावर निदान हरकती व सूचना मागवल्या जातात. खोलीच्या आराखड्यावर, ती ज्याच्यासाठी होत आहे त्याच्याकडून काहीच मागवले जात नाही, कारण त्या वेळी तो बहुधा अडीच वर्षांचा असतो आणि त्याच्या हरकती दिवसभर चालूच असल्याने त्या वेगळ्या मागवण्याची गरज कोणाला भासत नाही.

प्रथम क्षेत्रफळाचा विचार करावा लागतो. लोकांच्या तोंडी ‘रेरा’ म्हणून रुळलेल्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या पक्की केली, ती अशी की सदनिकेतील प्रत्यक्ष वापरता येण्याजोगे निव्वळ क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, त्यातून बाहेरच्या भिंती, नळ-तारांच्या डक्टची जागा, बाल्कनी आणि गच्ची वगळावी, मात्र घरातील आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा त्यात धरावी. आतली भिंत ‘वापरण्याजोग्या’ क्षेत्रात कशी काय बसते, असा प्रश्न बांधकाम व्यावसायिकांपासून वकिलांपर्यंत कोणालाही पडला नसला, तरी या तरतुदीचा शब्दशः अंमल करणारा एकच वर्ग देशात आहे आणि तो तेलकट खडू हातात धरता येऊ लागल्याबरोबर कामाला लागतो. त्याच्या दृष्टीने जमीन ही चालण्यासाठी आणि भिंत ही वापरण्यासाठी असते.

कागदावर दहा बाय दहा असलेल्या या खोलीवर आरक्षणाआधीचे काही हक्कदार असतात, आणि त्यांचे दावे कायद्याने नाकारता येत असले तरी नात्याने नाकारता येत नाहीत. घरून काम करण्याची प्रथा पडल्यापासून वडिलांना बंद दाराची एक जागा हवी असते, जिथे बैठकीच्या वेळी मागे कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही. आजोबांना दुपारी आडवे व्हायला पंख्याखालची जागा लागते. आणि गावाहून येणारे पाहुणे, जे वर्षातून जेमतेम आठवडाभर येतात, त्यांच्यासाठी उरलेले एकावन्न आठवडे एक भिंत राखून ठेवावी लागते. या सर्व दाव्यांतून निघणारी तडजोड म्हणजे सोफा-कम-बेड. हे फर्निचर उघडे असताना खोलीत मूल मावत नाही आणि बंद असताना त्याच्या फटीत खेळण्यातल्या गाडीची चाके जातात.

इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसते की मराठी घराला खेळासाठी वेगळी खोली कधी लागलीच नाही. वाड्यात ओसरी, परसू आणि जिन्याखालचा कोनाडा होता, चाळीत सामायिक गॅलरी होती, आणि भातुकलीची पितळी भांडी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली की वर्षभराची व्यवस्था लागत असे. खेळाचे नियोजन ‘बाहेर जा’ या दोन शब्दांत आटोपे. युरोपात मात्र या विषयाचा गंभीरपणे विचार झाला. फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळाले. मुलाच्या हाती क्रमाक्रमाने द्यायच्या साधनांना त्याने ‘देणग्या’ म्हटले, आणि त्यातली पहिली देणगी म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू. आजच्या पालकाला ऑनलाइन खरेदीच्या खोक्यात जे काही मिळते त्याच्या मानाने ही देणगी फारच काटकसरीची वाटते, पण तिला बॅटरी लागत नसे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

खेळाच्या खोलीचा खरा मूळपुरुष शोधायचा तर रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत जावे लागते. तेथे एका गृहबांधणी संस्थेने मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त करून त्या गरीब कुटुंबांना राहायला दिल्या होत्या. आईबाप कामावर गेल्यावर शाळेच्या वयाची न झालेली मुले इमारतीत मोकळी सुटत आणि नव्याने केलेल्या भिंती व जिने यांची पार कळा घालवत. तेव्हा दुरुस्तीवर पुन्हा पुन्हा पैसा ओतण्यापेक्षा सगळ्या मुलांना एका खोलीत गोळा करून त्यांच्यावर एक बाई नेमणे स्वस्त पडेल, असा व्यवहारी हिशोब झाला, आणि त्या खोलीची जबाबदारी घेण्यासाठी डॉ. मारिया माँटेसरी यांना बोलावण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते ‘बालकांचे घर’ सुरू झाले. मुलाच्या उंचीच्या मांडण्या, त्याला स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले व खुर्च्या, आणि वस्तू जिथून घेतली तिथेच परत ठेवण्याची शिस्त, हे सारे जगभर पसरले ते या परंपरेतून. बालकाच्या स्वातंत्र्याविषयी पुढे जे जे लिहिले गेले ते योग्यच आहे. परंतु या साऱ्याचा आरंभ मालकाच्या मनातील भिंतीच्या काळजीतून झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या सदनिकेतील आईबापांना अकारण कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही. त्यांचा हेतू अगदी मूळ परंपरेला धरून आहे.

महाराष्ट्रात या विचाराला जे वळण मिळाले ते सदनिकाधारकांना फारसे सोयीचे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि महागड्या विलायती साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे असे जे आसपास पडलेले असते तेच त्यांनी साधन म्हणून वापरले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, इतकी साधी कल्पना त्यांनी अमलात आणली. इंटिरिअर डिझायनरच्या अंदाजपत्रकात बिया आणि खडे यांसाठी रकाना नसतो. शिवाय अंगण हा घटक रेराच्या व्याख्येतही कोठे आढळत नाही.

रंगकामाचा टप्पा सर्वांत दीर्घ आणि कलहप्रधान असतो. डिझायनर प्रथम ‘थीम’ विचारतो. थीम म्हणजे खोलीतील सर्व वस्तूंनी मिळून एकाच गोष्टीचे सोंग आणणे. अवकाश, समुद्र आणि जंगल या तीन थीम सार्वत्रिक असून त्यांपैकी जंगल बहुमताने निवडले जाते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या तेराव्या मजल्यावर हे जंगल उगवते तेव्हा त्यात सिंह, झेब्रा आणि जिराफ असे आफ्रिकेचे रहिवासी भिंतीवर येतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असूनही त्याला फांदीभर जागा मिळत नाही, आणि खिडकीतून दिसणाऱ्या येऊरच्या डोंगरात खरा बिबट्या वावरत असला तरी त्याचा उल्लेख खोलीत निषिद्ध असतो, कारण मूल घाबरते. जिराफाच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. त्याची मान जिथे संपायला हवी तिथे एसीचे यंत्र आधीच बसलेले असते, त्यामुळे या प्राण्याला मान उजवीकडे वळवून स्विचबोर्डाकडे पाहत राहावे लागते. आजीचे मत या सगळ्यात एकदाच विचारले जाते आणि ते नेहमी सारखेच असते: “अगं, रंग कुठलाही दे, पण पुसता येईल असा दे.” सबंध प्रकल्पात तांत्रिकदृष्ट्या हाच एक सल्ला बिनचूक असतो. त्याला पूरक अशी एक कायदेशीर बाब इथेच सांगावी, ती म्हणजे घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. भिंत चाटणाऱ्या वयाचा विचार करता हा नियम जिराफापेक्षा महत्त्वाचा आहे, पण त्याला पाहून कोणी ‘अय्या, किती गोड!’ म्हणत नाही.

खेळण्यांनाही १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्यामुळे आजीने आपल्या माहेरून जपून आणलेले सागरगोटे कोणत्याच प्रमाणात बसत नाहीत आणि ते मुलाने गिळू नयेत म्हणून आजीच परत आपल्या कपाटात ठेवते, जिथे मूल बरोबर पोचते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची कथा याहून चमत्कारिक आहे. चितार आळीत रंगवलेली ती आंबे, केळी, वांगी यांची परडी मुळात मुलांच्या हाती देण्यासाठी, पण घरी आल्यावर ती हॉलमधील काचेच्या कपाटात जाते आणि तिला हात लावण्यास मनाई होते. आणि त्याच कपाटाखालच्या खणातील स्टीलचे डबे, चाळणी, पोळपाट-लाटणे ही प्रौढांची सामग्री दिवसभर मुलाच्या ताब्यात असते. अशा रीतीने घरात खेळणी शोभेला आणि भांडी खेळायला अशी वाटणी आपोआप होते, व खेळाच्या खोलीतील माँटेसरी पद्धतीची बुटकी मांडणी दोन्ही पक्षांकडून दुर्लक्षित राहते. मांडणीवर एका वेळी सहाच खेळणी ठेवावीत व उरलेली आळीपाळीने काढावीत असे तज्ज्ञ सांगतात. ही आळीपाळी पहिले दोन आठवडे नेमाने होते, आणि नंतर माळ्यावर चढायला शिडी कोणी आणायची या प्रश्नावर थांबते.

आता अतिक्रमणाकडे वळावे लागेल. त्याची सुरुवात नेहमी तात्पुरत्या स्वरूपाची असते. पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड ‘दोन दिवसांपुरता’ खोलीत येतो आणि जिराफाच्या पायाशी स्थायिक होतो. त्यामागून इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचे गाठोडे, त्यामागून जानेवारीत संकल्पपूर्वक घेतलेली व्यायामाची सायकल, आणि भाद्रपदानंतर गणपतीची आरास. सायकल आली की कपडे वाळवण्याच्या स्टँडची गरज खरे तर संपते, पण तो हलत नाही. हे घडत असताना विस्थापित झालेले मूल स्वस्थ बसत नाही. ते आपली वसाहत हॉलमध्ये हलवते, सोफ्याच्या गाद्या उभ्या करून त्यावर आजीचे लुगडे टाकते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात मागते. शहरात जिथे मैदानावर घरे होतात तिथे घरात त्याचा हिशोब पुरता होतो: मैदानावर संसार येतो आणि संसारावर मैदान.

नियोजनाची सर्वांत मोठी नाचक्की दिवाळीच्या सुट्टीत होते. ज्या मुलासाठी वर्षभर लाकूडकाम आणि लॅमिनेट यांच्यात पैसा ओतला, ते मूल सोसायटीच्या जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, फुटक्या विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन किल्ला करू लागते. या किल्ल्याला थीम एकच असते, डिझायनर नसतो, आणि चिखलावर हळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत तटबंदीवर हिरवळ उगवण्याचे जे तंत्र त्यात वापरले जाते, ते शिकवायला कोणतेही शैक्षणिक साधन लागत नाही. वर मातीचे महाराज सिंहासनावर बसतात, खाली मावळे उभे राहतात, त्यांच्या शेजारी प्रमाणाचे भान न ठेवता एखादा प्लॅस्टिकचा डायनासोर पहारा देतो. खेळाच्या खोलीत जे वडील वर्षभरात एकदाही जमिनीवर बसले नाहीत, ते इथे रात्री अकरापर्यंत बालेकिल्ल्याच्या उताराविषयी वाद घालताना आढळतात, आणि माती बाथरूममध्ये धुण्यावरून घरात जे होते ते दोघांनाही सारखेच ऐकावे लागते. सोसायटीचे सचिव पार्किंगमधील पसाऱ्याबद्दल सूचनाफलकावर नोटीस लावतात खरे, पण ती बहुधा भाऊबीज उलटल्यावर लागते, कारण तोपर्यंत त्यांचा नातूही तिथेच असतो.

आरक्षणाची मुदत साधारणपणे मूल आठवीत गेल्यावर संपते. खोलीचे नाव बदलून ‘अभ्यासाची खोली’ होते, मांडणी एखाद्या नातेवाइकाकडे जाते, सिंहाच्या तोंडावर आवर्त सारणीचा तक्ता लागतो, आणि दहावीच्या आधीच्या मे महिन्यात रंगाऱ्याला बोलावण्यात येते. तो भिंतीवर हात फिरवून, जंगलाचा गडद हिरवा पाहून, ऑफ व्हाइट द्यायचा असेल तर आधी घासून काढावे लागेल, मग पुट्टी, प्रायमर आणि वर निदान तीन हात मारावे लागतील, नाहीतर पहिल्या पावसात जिराफ परत दिसू लागेल, असे सांगतो व त्याप्रमाणे दर वाढवतो. या वेळी, तेरा वर्षांत प्रथमच, ज्याची खोली आहे त्याला रंग कोणता हवा असे विचारले जाते, आणि मोबाइलवरून नजर न उचलता तो ‘काळा’ असे उत्तर देतो. आई, वडील, आजी आणि डिझायनर या चौघांचाही विरोध नोंदवला जातो. एकटा रंगारीच मुलाच्या बाजूने उभा राहतो, कारण काळ्याला घासावे लागत नाही, प्रायमर वाचतो, आणि दोन हातांत जिराफ झाकतो.