काकडीवरचा संशय

माणसाने काकडीवर जितका संशय घेतला तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या भाजीवर घेतला असेल. बिचारी जवळजवळ ९५ टक्के पाणी. उरलेल्या ५ टक्क्यांत ती कारस्थान करून करून करणार काय? पण घरोघरी तिच्यावर नजर असते. रात्री खाल्ली तर बाधते, वर पाणी प्यायलं तर पोट बिघडतं, दह्यातून खाल्ली तर घसा धरतो. (तरी पंगतीत दह्यातली कोशिंबीर दुसऱ्यांदा मागणारे हेच लोक.) लंडनच्या सॅम्युएल पेपिसने तर १६६३ सालच्या रोजनिशीत एक गृहस्थ काकडी खाऊन वारल्याची नोंद करून ठेवली आहे. ते गृहस्थ काकडीशिवाय आणखी काय खात-पीत होते, याची चौकशी पेपिसने केलेली दिसत नाही.

आपल्याकडे ही चौकशी विळीपाशी सुरू होते. टोक कापायचं, तेच टोक उरलेल्या काकडीवर गोलगोल घासायचं आणि पांढरा फेस आला की काकडीने गुन्हा कबूल केला असं समजायचं. कडूपणा खरा असतो. वेलाला पाणी कमी पडलं, ऊन फार लागलं की तो वाढतो, आणि मुख्यतः देठाकडच्या बाजूला आणि सालीलगत साठतो. म्हणजे देठाकडचा तुकडा जरा सढळ हाताने कापून टाकला की काम झालं. घासणं हा माझ्या मते निव्वळ विधी आहे. पण तो न करता काकडी चिरली तर आमच्या मावशीला सोवळं मोडल्यासारखं वाटतं, म्हणून मीही घासते. खरी परीक्षा जिभेची. एक चकती चाखायची. कडूजहर लागली तर 'चांगली आहे ग, टाकतेस कशाला' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून ती अख्खी टाकायची. याच कुळातल्या दुधीचा कडू रस 'औषध कडूच असतं' म्हणून नेटाने पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीला सांगावं लागलं, की कडू लागला तर पिऊ नका. जे जिभेने फुकट सांगितलं होतं, तेच.

काकडीवर सर्वांत मोठा आळ आला तो २०११ च्या मे महिन्यात, जर्मनीत. विषारी ई. कोलाय जंतूची साथ पसरली, माणसं मरू लागली, आणि हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी बोट दाखवलं स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे. झालं! स्पेनच्या शेतकऱ्यांनी टनांनी माल फेकून दिला. तिथल्या अंदालुसिया प्रांताच्या कृषिमंत्रीणबाईंनी कॅमेऱ्यांसमोर काकडी खाऊन दाखवली, आणि युरोपच्या संसदेत एका स्पॅनिश खासदाराने हातात काकडी उंच धरून तिची अब्रू परत देण्याची मागणी केली. काही दिवसांनी खरा आरोपी सापडला तो मोडांमध्ये. माग काढत गेल्यावर संशय पक्का झाला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर. त्या साथीत एकूण ५० च्या वर माणसं गेली.

ही हकिकत वाचल्यापासून कच्च्या मोडांच्या 'हेल्दी' वाडग्याकडे मी जरा दबकून बघते. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. आपल्या बायकांनी मटकी-मुगाला मोड आणले, पण मग त्यांची उसळ केली, हे विसरून चालायचं नाही. काकडीत मोड घालायचेच असतील तर चांगली वाफ काढून घालावेत. कुरकुरीतपणाला काकडी आहेच.

काकडी नेहमीच निर्दोष सुटते असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमुळे ४० राज्यांत ९०७ माणसं आजारी पडली, सहा दगावली. त्या जंतूचं नाव साल्मोनेला पूना! नवा प्रकार जिथे प्रथम सापडला त्या गावाचं नाव त्याला द्यायची या घराण्याची रीत आहे. शहराने आपलं स्पेलिंग केव्हाच बदललं. जंतूने मात्र जुन्या पुणेकराच्या बाण्याने बदल नाकारला आहे.

असला जंतू काकडीने जन्माला घातलेला नसतो. तो सालीवर बसून येतो: माती, पाणी, क्रेट, हात, जिथून मिळेल तिथून. सोलायचीच आहे, मग धुवायची कशाला, हा आपला नेहमीचा युक्तिवाद. पण न धुतलेल्या सालीवरून सुरी आत जाते तेव्हा सालीवरचं सगळं घेऊन जाते. म्हणून आधी वाहत्या नळाखाली चोळून धुवायची, मग सोलायची. साबण नको, काकडीला आंघोळ घालायची आहे, पण खायचीही आहे.

गडावर किंवा स्टँडवर चार फाकी करून तिखटमीठ भरलेली काकडी मिळते, तिचा मोह मला आवरत नाही. तिथे मी न सोललेली काकडी निवडते आणि समोर कापून घेते. भीती असते ती पाटीवर सारख्या मारल्या जाणाऱ्या पाण्याची. 'दादा, पाणी नका मारू' म्हटलं तर दादा म्हणतात, 'अहो ताई, त्यानंच तर ताजी दिसते.' वादात जिंकतात तेच. मी सुकी बघून घेते.

खमंग काकडीत मात्र शहाणपण पदार्थातच आहे. काकडी चोचवायची, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, किंचित साखर, लिंबू, वरून तुपाजिऱ्याची फोडणी, आणि मीठ अगदी शेवटी. 'पानं घेतल्याशिवाय मीठ घालू नको' असा दम आम्हाला लहानपणी मिळायचा, कारण मिठाने पाणी सुटतं आणि कोशिंबिरीचं सार होतं. आजचे अन्नसुरक्षावाले सांगतात, असलं कापलेलं-कालवलेलं बाहेर दोन तासांवर ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. (हे लिहिणाऱ्यांनी अकोल्याचा मे बघितलेला नसावा.) चवीसाठी केलेली घाई आपोआप पोटाच्याही कामी आली. मंगल कार्यालयात सकाळी अकराला कालवून दुपारी दोनपर्यंत तिष्ठत ठेवलेल्या दह्यातल्या कोशिंबिरीला हे संरक्षण नसतं. तिथे मी लोणच्यावर भागवते, आणि यजमानीणबाईंना 'डाएट चाललंय' असं सांगते.

घरी खमंग काकडी उरलीच तर जेवणं आटोपताच ती फ्रिजमध्ये जाते आणि सकाळी भाजणीत मळली जाते. तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलं, लोण्याचा गोळा ठेवला, की घरचे विचारतात, 'आज मुद्दाम काकडीचं थालीपीठ?' आम्हीही 'हो, म्हटलं उन्हाळा आहे' म्हणून मोकळ्या होतो.