भट्टीला अभय

दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात. करार १९८८चा, १९९२पासून एकदाही खाडा नाही. कारगिल होवो, क्रिकेट बंद पडो, यादी वेळेवर! त्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असं ठरलंय. म्हणजे तारापूरच्या अणुभट्टीला लेखी अभय. बोईसरहून लोकलला लोंबकळत चर्चगेट गाठणाऱ्या कारकुनाला मात्र नाही. त्याला म्हणे धाक सांभाळतो: तुम्ही आमची मुंबई जाळलीत, तर आम्ही तुमची कराची. (पहिला अणुबॉम्ब आपण टाकणार नाही, हे आपलं धोरण, दुसरा ज्यांच्यावर पडेल, त्या कराचीतल्या पोरांनी आभार मानावेत.) कारकुनाने खरं तर भट्टीच्या कुंपणालगतच खोली बघावी. पागडी जबर असेल.