नकार असावा तर क्रमांकासहित

परवानगी म्हणजे काय, हे भिलाईच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून हे गाव खिशात गेटपास ठेवून जगत आलं आहे. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाने आपला कारभार एका ऑनलाइन कम्युनिटीवर नेला आणि सचिवांच्या भाचीने ती कम्युनिटी कमांड लाइनवरून जोडायची ठरवली, तेव्हा समिती मुळीच डगमगली नाही. डगमगली ती फक्त कमांड लाइनच्या खिडकीचा काळा रंग पाहून.

“बेटा, हे बंद पडलं काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही काका, हे असंच असतं.” फिनलंडच्या औलू शहरात १९८८ साली आयआरसी नावाची ऑनलाइन सोय सुरू झाली तेव्हापासून लोक काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं टंकून गप्पा मारत आले आहेत, रंगीत बटणं मागाहून आली, हेही तिने सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. जुनं आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसतो.

जोडणीची गरज खरी होती. सचिव सूचना आधी वहीत लिहितात, वहीतून फोनवर उतरवतात, फोनवरून कम्युनिटीत टाकतात, आणि या प्रवासात कोजागिरी एखाद-दोन दिवस सरकते. भाचीचं म्हणणं असं की एक ओळ टंकली की दुर्गपासून टाउनशिपपर्यंत सगळ्यांना एकच तारीख मिळेल. यातला धोका समितीच्या तेव्हा लक्षात आला नाही. तारीख एकच असली की उशिरा येणाऱ्यांना सबब उरत नाही.

पहिली पायरी टोकनची, म्हणजे कम्युनिटीत शिरायच्या गेटपासची. अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. ती एकदाच दाखवली जाते, पुन्हा नाही. खजिनदारांनी तत्परतेने ती वहीच्या शेवटच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी उतरवून घेतली.

“काका, टोकन असं उघड्यावर ठेवत नाहीत.”

“मग वही कपाटात ठेवतो.” कपाटाची किल्ली कपाटावरच असते.

पुढचा प्रश्न अधिकारांचा. या टोकनने वाचता यावं, लिहिता यावं, की सभासद काढून टाकता यावेत? भाची म्हणाली, गरजेपुरतंच घ्यावं. रेल मिलचा पास असला म्हणून कोणी झोतभट्टीपाशी जात नाही. कारखान्यात हयात घालवलेल्या समितीला हे तत्त्व तत्काळ पटलं आणि तिने एकमताने सगळ्या चौकटींवर खूण करायला सांगितलं.

आणि मग नकार यायला लागले. इथून पुढे मी त्या काळ्या खिडकीचा भक्त झालो.

ही खिडकी नाही म्हणते, पण क्रमांक देऊन म्हणते. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते आधी सिद्ध करा. ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं, तरीही नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, जरा थांबा. आणि पुष्कळदा किती सेकंदांनी परत यायचं तेही सोबत लिहिलेलं असतं. ‘उद्या या’ म्हणणाऱ्या कचेऱ्या मी जन्मभर पाहिल्या. सेकंद सांगणारी ही पहिलीच.

आता आमचं मंडळ पाहा. गणेशोत्सवातल्या नाटकात कोणी भूमिका मागितली की उत्तर मिळतं, “बघू.” या दोन अक्षरांत काय काय मावतं! तुमचं नाव सभासदांच्या यादीत नाही, हे ४०१. वर्गणी थकली आहे, हे ४०२. भूमिका अध्यक्षांच्या जावयासाठी ठरली आहे, हे ४०३. बिचारा उमेदवार दिवाळीपर्यंत संवाद पाठ करत राहतो.

या ४०२ची कथा तर हृदयद्रावक आहे. ‘पैसे भरा’ असा त्याचा अर्थ, पण वेबच्या या क्रमांकांची नियमावली करणाऱ्यांनी तो भविष्यासाठी राखून ठेवला आणि ते भविष्य दशकानुदशकं लांबत गेलं. खजिनदारांचे डोळे पाणावले. आपली वसुलीही नेमकी त्याच खात्यात आहे, असं ते म्हणाले.

बाकीचे आकडेही जणू आमच्यासाठीच घडवले आहेत. २०४ म्हणजे काम यशस्वी, मजकूर काही नाही. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा अहवाल यापुढे याच आकड्यात द्यावा. ३०१ म्हणजे मुक्काम कायमचा हलला. दुर्गकरांना त्याची सवय आहे. १९५६पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली, २००० साली रायपूर. आम्ही जागचे हललो नाही, पत्ता हलत राहिला. आता सेक्टरांतली मुलं पुणे-बंगळुरूला ३०१ होतात. ४०४ म्हणजे सापडत नाही, ४१० म्हणजे होतं, पण आता कायमचं गेलं. मंडळाच्या ग्रंथालयातून नेलेली पुस्तकं यांपैकी कशात मोडतात, यावर समितीत दोन गट पडले. पुस्तकं नेणारे दोन्ही गटांत होते.

यंत्र असं सरळ असलं, तरी त्याचे मालक आपल्यासारखेच मुत्सद्दी. २०२३ साली रेडिट या चर्चासमूहांच्या संकेतस्थळाने बाहेरच्या प्रोग्रॅमना आत यायच्या वाटेवर दर लावला. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने हिशेब मांडला, तर वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर. जूनमध्ये हजारो समूहांनी निषेधाखातर दारं लावून घेतली, रेडिट बधलं नाही, आणि ३० जूनला अपोलो बंद पडलं. त्याला ‘नाही’ कोणीच म्हटलं नव्हतं. फक्त दरपत्रक दाखवलं होतं. आमच्याकडेही नकोशा मंडळींना हॉलचं भाडं तिप्पट सांगतात.

म्हणूनच मी समितीपुढे लेखी ठराव ठेवला: मंडळाने यापुढे प्रत्येक नकार क्रमांकासहित द्यावा. माणसाला नकाराचा राग येत नाही, ताटकळण्याचा येतो. कारण कळलं की तो वर्गणी भरेल, ओळख पटवेल किंवा निमूटपणे प्रेक्षकांत बसेल.

समितीने सर्व क्रमांकांची यादी मागवली. भाचीने ती छापून आणली, प्रत्येकाच्या पुढे सोप्या मराठीत अर्थ लिहून. चहा झाला, पोहे झाले, कागद हातोहात फिरला. अध्यक्ष २०२वर बराच वेळ थबकले. अर्थ असा होता: विनंती स्वीकारली आहे, काम अजून झालेलं नाही, होईलच असंही नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला, एका किरकोळ दुरुस्तीसह. इतके आकडे लक्षात ठेवणं ज्येष्ठ सभासदांना जड जाईल, तेव्हा सर्व प्रसंगी फक्त २०२ वापरावा.