विषय काढून देणारे अण्णा

मुळशी तालुक्याच्या समाजरचनेत सरपंच, पोलीस पाटील आणि जमिनीचा एजंट यांच्याइतकेच स्थिर, परंतु कोणत्याही शासकीय दप्तरात नोंद नसलेले एक पद आढळते, ते म्हणजे इतरांच्या मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या अण्णांचे. अण्णा ही एक व्यक्ती नसून प्रकार आहे. पौडला त्यांना अण्णा म्हणतात, पिरंगुटला तात्या आणि भूगावला, पुण्याचे वारे लागल्यामुळे, सर. घोटावडे फाट्यावरील चहाची टपरी हे त्यांचे कार्यालय असून आठवीच्या प्रवेशापासून दहावीच्या निकालापर्यंत ते अहोरात्र उघडे असते. त्यांच्या स्वतःच्या गुणपत्रिकेविषयी इतिहास मौन पाळतो. मात्र सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेस बसण्याचा अर्ज, त्यांना ज्या बारकाव्यांसह तोंडपाठ आहे त्यावरून अभ्यासकाला काही अनुमाने काढता येतात.

वस्तुतः राज्य मंडळाच्या दहावीत निवडीला वाव थोडा असतो. एकूण सहा विषयांपैकी मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला सुटत नाहीत. प्रश्न उरतो तो हिंदी, संस्कृत की ‘संयुक्त’, म्हणजे दोन्ही भाषा प्रत्येकी 50 गुणांच्या, एवढाच, आणि काही शाळांत एखाद्या व्यवसाय विषयाचा. एवढ्याशा बांधावर अण्णांनी जे शास्त्र उभे केले आहे, त्याचे मूळ त्यांच्या जोडधंद्यात, अर्थात प्लॉटिंगमध्ये सापडते. त्यांच्या वर्गीकरणानुसार संस्कृत हा रोडटच विषय होय, कारण व्याकरणाचे उत्तर एकतर बरोबर असते किंवा चूक आणि तपासनीसाला गुण कापायला जागा उरत नाही. हिंदी हा गावठाणातला, भाव बेताचा पण कटकट नसलेला. आणि भूमिती हा डोंगरउताराचा, जो पदरी पडलाच तर निमूटपणे सांभाळावा. ‘स्कोअरिंग’ ही त्यांच्या शास्त्रातील मूलभूत संज्ञा असून, शेजारच्या पोराला ज्यात गुण मिळाले तो विषय, अशी तिची व्याख्या करता येते.

या शास्त्रात विद्यार्थी नावाचा घटक आढळत नाही. 33 फूट लांब व तितकाच रुंद गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब घरातली व्यवहाराची बोलणी ऐकत वाढलेली मुलगी तोंडी करून दाखवते, तरीही “पोरींना बीजगणित जड जातं” हा निर्वाळा तिच्यापर्यंत येऊन पोहोचतोच. आंबेमोहराच्या खाचरात आवणीला किती पाणी हवे हे नजरेने सांगणाऱ्या मुलाला शेतीचा व्यवसाय विषय सुचवणे अण्णांच्या मते त्याचा अपमान असतो. त्याला ते संस्कृत देतात आणि तो तीन वर्षे विभक्तीप्रत्ययांशी झुंजतो. याच तालुक्यात, खुबवलीजवळच्या टेकडीवरील आंतरराष्ट्रीय महाविद्यालयात, देशोदेशीची मुले सहा विषय निवडताना कोणते तीन वरच्या पातळीवर झेपतील हे स्वतःच्या कुवतीकडे पाहून ठरवतात, ही वार्ता अण्णांच्या कानी आली तेव्हा त्यांनी फक्त तिथल्या जमिनीचा दर विचारला.

सल्ला फसल्याने अण्णांची प्रतिष्ठा उणावत नाही, याचे श्रेय ‘बेस्ट फाइव्ह’ला दिले पाहिजे. सहांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याची ही पद्धत 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य ठरवली आणि नकळत अण्णांचे आसन भक्कम केले. संस्कृतात 90 गुण पडले तर “सांगितलं होतं की नाही?” हे वाक्य सिद्ध असते, 41 पडले तर तो विषय टक्केवारीतून आपोआप गळतो आणि अण्णा शांतपणे बजावतात, “सहावा विषय असतोच गळायला, म्हणून तर घ्यायला लावला.” जिंकण्याची व हरण्याची दोन्ही कारणे एकाच मुखातून निघत असल्यामुळे त्यांच्या शास्त्राचे खंडन आजवर कोणालाही करता आलेले नाही.

अण्णांच्या स्वतःच्या मुलांचे विषय मात्र त्यांची पत्नी ठरवते. ती शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला पोराच्या वह्या दाखवते, त्याला काय करताना कंटाळा येत नाही ते बाईंना विचारते, घरी येऊन पोरालाही विचारते आणि अर्ज भरून मोकळी होते. ही गोष्ट फाट्यावर सर्वांना ठाऊक असून अण्णांसमोर तिचा उल्लेख न करण्याचा शिष्टाचार काटेकोरपणे पाळला जातो. फक्त शहाण्या आया चहा संपण्याआधीच टपरीवरून उठतात आणि अण्णांच्या घरी जाऊन वहिनींना गाठतात.