अनधिकृत रहिवाशांविषयी मार्गदर्शक सूचना

चारकोपच्या ज्या गृहस्थांनी तीस चौरस मीटरच्या घरात, काचेच्या टाकीत, दोनशे लिटर समुद्र आणून ठेवला आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. गोराईची खाडी हाकेच्या अंतरावर असताना परदेशी मिठाची बादली विकत घ्यायची, आणि ते मीठ लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात कालवत बसायचं, हे कशासाठी, असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतीलच. खाडीचं पाणी एकदा बादलीत आणून त्यांच्यासमोर ठेवावं. प्रश्न पुन्हा येत नाही.

आधी, टाकीत प्रवाळ ठेवण्याविषयीचा कायदा. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत बसलेली आहेत. तेव्हा अक्रोपोरासारखं दगडी प्रवाळ आपल्या हॉलमध्ये असता कामा नये. याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. अक्रोपोराच्या अंगावर फिरणारे लाल किडे, त्याला कुरतडणारे चपटे कृमी आणि मॉन्टिपोरा या दुसऱ्या दगडी प्रवाळावर पोसणाऱ्या चिमुकल्या समुद्री गोगलगायी यांनी परदेशातल्या हौशी मंडळींची झोप उडवलेली आहे. आपल्याकडे हे तिन्ही प्रश्न सरकारने परस्पर निकाली काढले. दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर प्राणीही नंतरच घ्यावा. सरकारला स्वतःला प्रवाळ हलवायचं असलं तरी वनखात्याची परवानगी काढावी लागते. कोस्टल रोडच्या आड येणाऱ्या हाजीअलीच्या प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली नेव्हीनगरच्या किनाऱ्याला नेल्या, त्या अशाच रीतसर. मधे ट्रान्झिट कॅम्प नाही, भाडं नाही, आणि पत्ता थेट कुलाब्याचा. उपनगरातल्या माणसाने याचा फार विचार करू नये.

आपल्या वाट्याला उरतात ती मऊ प्रवाळं: झोअँथस, मशरूम, लेदर. आणि ती ज्या दगडाला चिकटून येतात, त्या दगडाच्या भोकाभोकांतून आलेले बाकीचे सगळे. चारकोपच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने इथे आखलेले भूखंड तेवढे दिले. वर घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. मग पोटमाळा आला, पोटमाळ्याचा मजला झाला, मजल्यावर भाडेकरू आले. आपल्या टाकीतला दगड याच योजनेखाली वसतो, फक्त इथे सोसायटीचे सचिव, खजिनदार आणि मेसवाले तिन्ही तुम्हीच.

सगळ्यात चिवट रहिवासी ऐप्टेशिया. काचेसारखं पारदर्शक, तपकिरी, नखाएवढं समुद्रफूल. पहिला दिसतो तेव्हा पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो. सहा महिन्यांनी पाहुणे आले की टाकीचा दिवा बंद ठेवला जातो. याला सुरीने खरवडू नये. त्याच्या तळव्याचा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवा प्राणी उभा राहतो, म्हणजे खरवडणं ही त्याच्या दृष्टीने कुटुंबविस्ताराची सोय आहे. शास्त्रज्ञ हाच प्राणी प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात, कारण प्रवाळ पांढरं का पडतं हे याच्यावरून अभ्यासता येतं. कुणी तुमची टाकी बघून नाक मुरडलं, तर संशोधन चालू आहे असं सांगायला हरकत नाही.

यावर जगभर वापरलं जाणारं औषध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे नाक्यावरच्या पानाच्या टपरीवर मिळतो तो चुना. साधा, बिनवासाचा मागावा. टपरीवाला ‘किती पानं?’ विचारेल, त्याला खरं कारण सांगू नये. चुना थोड्या पाण्यात दाटसर कालवून मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजमध्ये भरावा. पंप बंद करावा. सावली पडली की हा प्राणी क्षणात बिळात जातो, म्हणून हात बाजूने, उधारी मागायला आलेल्या माणसासारखा हळू न्यावा आणि चुना तोंडावर अलगद सोडावा. डोळ्यांवर चष्मा हवा. एका बैठकीला चार-पाचच गाठावेत. उत्साहाच्या भरात सगळी वसाहत एकदम चुन्याने माखली, तर पाण्याचा पीएच उसळतो आणि अधिकृत रहिवासीही जातात.

‘त्यापेक्षा दगडच उकळून घे,’ असं शेजारचे काका म्हणतील. विनोद बाजूला ठेवून सांगतो, दगड उकळू नये. झोअँथसच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं आणि ते वाफेबरोबर घरभर पसरतं. असे दगड उकळून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेलेली आहेत. काकांना चहा द्यावा.

हातकाम नको असेल तर कंत्राटदार आहेत. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते, खायची इच्छा असेल तर. दुकानात त्या नावाखाली बहुधा कॅमल श्रिम्प हातात पडते. पाठीला कुबड, डोळे मोठे, अंगावर पांढरी नक्षी. ती ऐप्टेशियाकडे ढुंकून पाहत नाही, तुमचे झोअँथस मात्र खाते. खरा प्रामाणिक कामगार म्हणजे बर्गिया ही समुद्री गोगलगाय. ऐप्टेशियाशिवाय तिला दुसरं अन्न चालत नाही, रात्रपाळी करते, आवाज नाही. पण काम पूर्ण झालं की उपाशी मरते. म्हणून आपल्याकडचे ऐप्टेशिया संपताच ती पुढच्या हौशी माणसाकडे पोचवावी; कांदिवलीत गरजू सापडायला वेळ लागत नाही. पेपरमिंट आणि बर्गिया एकाच टाकीत सोडू नयेत. पहिली दुसरीला खाते आणि ऐप्टेशिया गॅलरीतून बघतो.

लाल चपटे कृमी काचेवर गंजाच्या ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांचं औषध मिळतं आणि ते काम करतं. अडचण तिथेच आहे. हे कृमी मरताना विष सोडतात, आणि हजारोंनी एकदम मेले की मासेही त्यांच्या सोबत जातात. म्हणून आधी आठवडाभर बारीक नळीने जमतील तेवढे ओढून काढावेत, मग औषध घालावं, फिल्टरमध्ये ताजा कोळसा ठेवावा आणि बदलायचं पाणी आदल्या दिवशीच तयार असावं. ओढताना नळीला तोंड लावून पाणी खेचू नये. का, ते वर पॅलिटॉक्सिनच्या परिच्छेदात आहे.

रात्री टॉर्च मारल्यावर दगडाखालून निघणारे केसाळ, गुलाबी, गोमेसारखे प्राणी बघून घरात किंकाळी उठते. हे काटेरी कृमी बहुतेक सफाई कामगार आहेत, त्यांना हात लावू नये. लावलाच तर बोटात रुतलेले केस सेलोटेपने उपटावेत. त्यांची संख्या अचानक वाढली, तर तुम्ही माशांना जास्त खायला घालता आहात. किंवा दुपारी आजी घालते आहे. चौकशी करावी, पण आजीचा कबुलीजबाब अपेक्षू नये.

काचेवर टिचक्या मारत पळणारे पांढरे कण हे कोपेपॉड, चांगलं लक्षण आहे. मध्यरात्री टक, टक असा आवाज आला, तर दार उघडून बघू नका आणि वरच्या मजल्याशीही भांडू नका; दगडात पिस्तूल कोळंबी राहायला आली आहे. तिच्याकडून गाळा खाली करून घेणं अवघड असतं. सवय होते.

हे सगळं टाळायचं असेल, तर नवं प्रवाळ आधी वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवावं. ही दुसरी टाकी कुठे ठेवायची, हा विषय घरात सणासुदीला काढू नये. टाकीत घालण्याआधी प्रवाळ आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून हलवावं. अंडी याने मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा. बादलीच्या तळाशी जे वळवळेल ते कुणाला दाखवू नये. ते पाणी खाडीत ओतू नये, तिवरांना परदेशी पाहुणे नकोत. बाल्कनीतूनही नको, खाली तळमजल्याच्या काकूंची तुळस आहे आणि मागच्या वेळी ती कशाने जळली, हे त्यांना अजून कळलेलं नाही.