सुरतेत राहून मोडीचा कित्ता कसा गिरवावा

प्रथम शिरोरेघ. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, असा शिरस्ता आहे. सुरतेतल्या होतकरूची पहिली पंचाईत इथेच होते, कारण गुजरातीने शिरोरेघ कधीच काढून टाकली आणि तिच्यावाचून त्या भाषेचं काहीही अडलेलं नाही. शेजारचे काका डोकावून म्हणतील, "लाइन तो दोरी, पण लख्युं शुं?" नम्रपणे सांगा, की आज फक्त रेघा. उद्याही रेघाच. लिंबायत-उधन्याच्या खानदेशी मंडळींनी तर मुळीच घाई करू नये. तापीलाही मुलताईहून भुसावळमार्गे इथवर यायला सातशे किलोमीटर पडतात.

मग कित्ता कोणाचा, हा प्रश्न. शिवकालीन वळण रुबाबदार, पेशवाईतलं गोलसर आणि देखणं, इंग्रजी अमदानीतलं टाकाने लिहिलेलं आणि चष्म्याचा नंबर वाढवणारं. पुण्याला पेशवे दफ्तर आहे, पण सुरतकराने तेवढी पायपीट कशाला करावी? बडोद्याच्या गायकवाडांचा कारभार मोडीत चालायचा आणि नवसारी प्रांत त्यांचाच होता. म्हणजे कित्ते लोकलच्या अंतरावर घडले आहेत. प्रत मिळवा, पातळ कागदाखाली ठेवा आणि बोरू उचला.

आता खरी मेख. ज्यांचं अक्षर आपण देव्हाऱ्यात ठेवायला निघालो आहोत ते बहुतेक कारकून होते आणि घाईत होते. बाहेर जासूद खोळंबलेला, आत धनी भराभर मजकूर सांगतायत, अशा वेळी हात न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता, विरामचिन्हांच्या वाटेला न जाता त्यांनी कागद हातावेगळे केले. मोडीचा डौल या घाईतूनच आला. तुम्हाला मात्र तीच घाई रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पंख्याखाली, एकेक वळण चार-चारदा गिरवत साधायची आहे. हे अवघड आहे. उपाय असा, की घरातल्या कुणाला तरी चपला घालून दारात उभं करावं आणि दर मिनिटाला "झालं का?" असं विचारायला लावावं. बहुतेक घरांत हे काम करणारी व्यक्ती आधीपासूनच नेमलेली असते.

चिनी लोकांनी दुसरा मार्ग काढला. त्यांचा अक्षरसम्राट वांग शीची याने इ.स. ३५३ मध्ये मद्याच्या मैफलीत एक प्रस्तावना लिहिली. शुद्धीवर आल्यावर पुन्हा लिहून पाहिली, तर तशी जमेना, असं सांगतात. मूळ कागद केव्हाच गेला. गेली कित्येक शतकं चिनी विद्यार्थी नकलेवरून नक्कल करतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मैफलीची पद्धत मात्र गुजरातेत कायद्याने बंद आहे. दमण जवळ आहे, परंतु परतल्यावर शिरोरेघ सरळ येत नाही.

समर्थांनाही विचारून पाहा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पण तो बालबोध अक्षराविषयी, आणि त्यात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारखेपणा मागितला आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, हा त्यातला इशारा तेवढा मोडीवाल्यांनी भिंतीवर लावावा. बाकी शिस्तीच्या वाटेला जाऊ नये.

शाई. मराठी माणूस १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० मध्ये सुरतेत येऊन गेला, पण तेव्हाची खरेदी वेगळ्या प्रकारची होती. तुम्हाला पैसे मोजावे लागतील. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला स्नेही म्हणेल, "रंगाला काय तोटा? डबाभर आणतो." घेऊ नका. सुरतेचं कापड मुख्यतः पॉलिएस्टरचं, त्याचा रंगही पॉलिएस्टरचाच सोयरा. कागदाशी त्याचं जमत नाही. फाउंटन पेनची शाईही पाण्यात विरघळलेला रंगच, उन्हात फिकी होते. काजळ मात्र फिकं होत नाही. जुन्या कागदांवरची काळी अक्षरं आजही ठणठणीत आहेत ती काजळामुळेच. चिनी शाईतही काजळच असतं. ते लोक प्राण्यांच्या हाडा-चामड्याचा सरस घालतात, आपल्याकडे बाभळीचा डिंक. ज्यांच्या घरी कांदासुद्धा वर्ज्य आहे अशा शेजाऱ्यांना हा फरक आधीच समजावून द्यावा, म्हणजे खल उसना मिळतो.

तिळाच्या तेलाचा दिवा लावा, वर मातीची पणती उपडी धरा, काजळी खरवडा, डिंकाच्या पाण्यात घोटा. घोटत राहा. काजळी पाण्यावर नुसती तरंगते, डिंक मुरल्याखेरीज पाण्यात मिसळत नाही. हा उद्योग गच्चीवर करू नये, तिथे शेजारच्यांच्या साड्या वाळत असतात. पावसाळ्यात डिंकाला बुरशी धरते, म्हणून लवंग टाकावी. आणि २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, फोनवर टाइप करता येते, हे घरी बोलू नये. तेलाचा खर्च मंजूर होणार नाही.

एक दिलासा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. दहावीला ज्यांचे मार्क शुद्धलेखनाने खाल्ले, त्यांनी इथे सूड उगवून घ्यावा.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. तुम्ही गिरवता हे कळलं की नंदुरबार-धुळ्याहून मावसभाऊ पत्र्याची पेटी घेऊन येतील. गिरवणं वेगळं, वाचणं वेगळं, हे त्यांना पटणार नाही. अशा वेळी शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं स्मरण करावं. सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं, तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरून सगळा मजकूर धडाधड वाचून दाखवला, अशी गोष्ट आहे. तुमच्या कागदावर निदान अक्षरं तरी आहेत. फक्त काय वाचलं ते नीट लक्षात ठेवा, कारण जाताना भाऊ तुम्हाला तेच पुन्हा, मोबाइलवर रेकॉर्ड करत, वाचायला लावणार आहेत.