सूक्ष्म मात्रा आणि घाटघरचा पाऊस

मायावी अळंबी वाळवून, हवाबंद बरणीत जपून, तिचा अत्यल्प अंश नित्यनेमाने सेवन केल्यास प्रतिभा फुलते व कचेरीतले काम फुलासारखे हलके होते, असा जो संप्रदाय महानगरांत हल्ली बोकाळला आहे, त्याच्या अनुयायांनी आषाढात अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघरास मुक्काम करावा. कारण जेथे दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही आणि दोरीवरचे धोतरही सुकत नाही, तेथे हा मनसुबा खुद्द वरुणराजाच नामंजूर करतो. तिथली बाई वारुळावरची अळंबी सकाळी खुडते, माती झटकते आणि मीठ-मिरची लावून दुपारच्या भाकरीबरोबर संपवते. साठवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. अनोळखी छत्रीला मात्र ती हातही लावत नाही, आणि यासाठी तिला प्रतिभेची गरज पडलेली नाही.

मायावी अळंबीतले सायलोसायबिन हे द्रव्य १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नोंदलेले असल्यामुळे, बरणीचे झाकण कितीही घट्ट असले तरी फौजदाराच्या पंचनाम्यात ती मुद्देमाल म्हणूनच दाखल होते. मात्रा सूक्ष्म असल्याने गुन्हा टळत नाही, शिक्षा तेवढी कमी होते. वाळवणाची हौसच असेल, तर धिंगरी अळंबी वाळवावी: सुमारे नव्वद टक्के पाणी उडून जाते, आणि उरलेली आमटीत घालता येते.